कोळंबीची पिल्लं आणि माझं काहीही न करणं

नाही, पण मी म्हणतो, घाणीला घाण म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? काचेवर हिरवट थर आलाय, बोट लावलं तर घसरतंय, दगडांवर कसलीशी लव उगवलीये, पानं कुजतायत, दिसतंय ना हो सगळं डोळ्यांना? आणि मी नुसतं फडकं उचललं, नुसतं उचललं हं, काचेपर्यंत नेलंही नाही, तर आतून ही किंचाळते, "अहो, ठेवा ते फडकं! जेवण आहे ते त्यांचं!" जेवण! शेवाळं म्हणजे जेवण! आणि हे कुणाला सांगतेय? मला? बत्तीस वर्षं, तुम्हाला सांगतो, बत्तीस वर्षं मी पाणी शुद्धीकरण केंद्रात काढली! या शहरात नळाला येणारा एकेक थेंब माझ्या सहीने आलाय! माझं कामच ते, पाण्यात जे जे म्हणून जिवंत दिसेल ते ते मारायचं. आणि नुसतं मारायचं नाही, मेलंय याची खात्री करून वर सही करायची! त्या माणसाला आज स्वतःच्या घरात, स्वतःच्या हॉलमध्ये, एक काच पुसायची परवानगी नाही. का? तर कोळंबीची पिल्लं उपाशी राहतील!

बरं, ही टाकी मी मागितली होती का? मी निवृत्त झालो त्याच महिन्यात ही काचेची टाकी घेऊन आली. मी म्हटलं, हे काय? तर म्हणते कशी, "आता तुम्ही दिवसभर घरी असणार. घरात कुणीतरी शांत असलेलं बरं." घ्या! आणि मासे तरी आणावेत ना माणसाने? निदान दिसतात. हिने आणल्या कोळंब्या. लाल, नखाएवढ्या. येणारा जाणारा विचारतो, "तळणार कधी?" काय उत्तर द्यायचं? पण हिचा जीव त्यांच्यावर. सकाळी उठून आधी टाकीपाशी, मग माझ्या चहापाशी.

आता मागच्या वर्षीचं सांगतो, म्हणजे माझा राग तुमच्या नीट लक्षात येईल. ही दोन दिवस बहिणीकडे गेली होती. मी म्हटलं, बायकोला जरा खूश करू. चूक झाली ती तिथेच. टाकी रिकामी केली, दगड ब्रशने घासले, वाळू सात पाण्यांतून काढली आणि शेवटी सवयीने, अहो सवय ती, हात आपोआप गेला, चिमूटभर ब्लीचिंग पावडर. चिमूटभरच हं! काच अशी लखलखीत झाली म्हणून सांगू, काच आहे की नाही ते कळेना. मग बादलीतल्या कोळंब्या अलगद आत सोडल्या. दहा मिनिटं. दहा मिनिटांत सगळ्या आडव्या.

संध्याकाळी ही आली. टाकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ओरडेल म्हणून मी तयारीत होतो, माझी उत्तरं तयार होती. पण ही म्हणाली, "असू दे." एवढंच. आणि आत जाऊन भाजी चिरायला बसली. ओरडली असती ना, तर परवडलं असतं. मी पण ओरडलो असतो, भांडण झालं असतं, संपलं असतं. त्या "असू दे"ला काय उत्तर देणार हो माणूस? त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. खोटं कशाला सांगू?

मग रीतसर नव्या कोळंब्या आल्या आणि मी टाकीपासून चार हात लांब. पण बातमी पोचायची तिथे पोचलीच. आमची मुलगी लांब असते, नोकरी तिकडेच, तेव्हा तिला सातवा महिना लागला होता. फोनवर मायलेकींचं चाललेलं, "बाळ झालं की महिनाभराने येते तुझ्याकडे राहायला, तुझ्या जावयांना काम आहे बाहेरगावी," वगैरे. मी पेपर वाचत होतो. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "पण आई, बाबांच्या हाताखाली काही जिवंत राहत नाही गं!" स्पीकर चालू होता. दोघी हसल्या. मीही हसलो. पण पेपर उलटा धरला होता हे मला नंतर कळलं.

आणि मग नेमका तो दिवस. हिला मुलीच्या बाळंतपणाला निघायचंय, बॅग दारात, गाडी खाली उभी, आणि ही टाकीपाशी खिळलेली! "अहो, इकडे या, हिच्या पोटाखाली अंडी आहेत!" बघितलं तर खरंच, एका कोळंबीच्या पोटाखाली पिवळसर अंड्यांचा घोस, आणि ती बया ती अंडी पायांनी सारखी वारा घातल्यासारखी हलवतेय. झालं! सूचना सुरू. पाणी बदलायचं नाही. नळाचं पाणी थेट घालायचं नाही, बादलीत दोन दिवस ठेवायचं, मग रोज एक फुलपात्र. झुरळाचा फवारा मारायचा नाही. काच पुसायची नाही. फिल्टरच्या नळीला मोजा बांधलाय तो सोडायचा नाही, नाहीतर पिल्लं आत ओढली जातात. मी म्हटलं, "अगं, मग मी करायचं काय?" तर दारातून वळून म्हणाली, "तुम्ही? तुम्ही फक्त काही करू नका."

तेवढ्यात मुलीचा फोन. तिला सगळं कळलं, आणि ती म्हणते, "बाबांनी ती पिल्लं जगवली ना आई, तर मी येते बाळाला घेऊन. नाहीतर आम्ही इथेच बरे!" हसत हसतच म्हणाली. पण बापाला कळतं हो, त्यात हसणं किती आणि खरं किती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! अरे, शहराच्या दहा लाख माणसांनी माझ्यावर भरवसा ठेवला, आणि माझ्या पोटच्या पोरीला स्वतःचं मूल माझ्या घरात आणायला कोळंबीची शिफारस लागते? म्हटलं ठीक आहे. बघाच आता.

आता तुम्ही म्हणाल, काही करायचं नाही यात अवघड काय? करून बघा! म्हणजे, न करून बघा! सकाळी सात वाजता मी खुर्ची टाकून टाकीसमोर. हात शिवशिवतायत. पाण्यात एक पान तरंगतंय, काढू? नको. काच धुरकट दिसतेय, पुसू? नको. दुपारी फिशटँकच्या दुकानदाराला फोन. हा माणूस असा सावकाश बोलतो की दोन शब्दांच्या मध्ये आपला चहा पिऊन होतो. "काका... किती... दिवस... झाले अंड्यांना?" मी म्हटलं, मला काय माहीत, मी काय तिचा डॉक्टर आहे? "काका... शांत... तुम्ही फक्त... काही... करू नका." हा पण!

पाचव्या दिवशी सकाळी मला वाटलं चष्म्याला धूळ लागलीये. पुसला, परत घातला. धूळ चालतेय! दगडावरून चालतेय! खसखशीच्या दाण्याला पाय फुटावेत आणि वर मिशा याव्यात, एवढंसं पिल्लू. मग दुसरं. मग पानाखाली सहा-सात. आरपार दिसणारी, आणि एवढुशा पायांनी खुरडत खुरडत ते शेवाळं खातायत, त्यांना कुणी शिकवलं कोण जाणे. मी भिंग आणलं, मोजायला लागलो, आणि तेवढ्यात फोन वाजला. ही! "अहो, झालं! मुलगी झाली! दोघी छान आहेत!" आणि मी ओरडलो, "इकडे पण झालं!" "काय झालं?" "पिल्लं! पिल्लं झाली!" आणि तुम्हाला सांगतो, जिची लेक नुकती बाळंत झालीये ती बाई दवाखान्यात उभी राहून मला विचारते, "किती?" मी म्हटलं, "बावीस दिसतायत. तुमच्याकडे?" "एकच हो," म्हणाली आणि रडायला लागली. मी नाही रडलो. डोळ्यांत आलं एवढंच.

पण सुख कुणाला टिकू देतायत? दोनच दिवसांत सकाळी बघतो तर तळाशी प्रेतं! पांढरी, पोकळ, पाय वर! एक, दोन, पाच... नऊ! मी काहीही केलं नव्हतं हो! अगदी काहीही! म्हटलं, म्हणजे आता मी न करतासुद्धा मरायला लागली? चिमट्याने एकेक बाहेर काढलं, कागदावर ओळीने ठेवलं आणि दुकानदाराला फोन लावला. "नऊ गेली." "काका... डोळे... आहेत का... त्यांना?" मी म्हटलं, मेलेल्याचे डोळे काय बघायचे? "काका... ती कात आहे. वाढतात... म्हणून टाकतात." कात! मी तासभर कातीचं दुःख केलं! जीव भांड्यात पडला, तर हा पुढे म्हणतो, "ती काढली... तर नाही ना? परत... खातात ती. अंगाला... लागते." म्हणजे पोरांच्या तोंडचा घास मी चिमट्याने काढून कागदावर मांडला होता! "म्हणून... सांगतो काका... तुम्ही फक्त..." ठेवला मी फोन! माहितीये मला पुढचं!

बरं, दर वेळी काही न करून तरी भागतं का? तेही नाही! एके सकाळी बघतो तर फिल्टरच्या नळीचा मोजा सुटून पाण्यावर तरंगतोय. आणि मोजा माझाच, ऑफिसचा पांढरा, बत्तीस वर्षं कधी पायातून घसरला नाही, तो आज घसरला! फिल्टरचं झाकण उघडलं तर आतल्या डब्यात पिल्लं गरगर फिरतायत. मी बटण बंद केलं आणि हात मागे बांधून उभा राहिलो. हो, उभा राहिलो! मला सक्त ताकीद आहे ना? फोन लावला. दुकानदाराला म्हटलं, मोजा सुटला, पिल्लं आत आहेत, मी काही केलेलं नाही! आणि आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस भरभर बोलला, "अहो काका, मग बघताय काय, काढा ना!" आता तुम्हीच सांगा, माणसाने वागायचं कसं? बाळासाठी आणून ठेवलेला कोरा ड्रॉपर होता, तो घेऊन बसलो. चिमूटभर जीव, माझे हात हे असे, पाइप आवळणारे. एक पिल्लू ड्रॉपरमध्ये घ्यायचं, श्वास रोखायचा, टाकीत सोडायचं. चौदा होती. चौदाही हलत होती. सगळं झाल्यावर बघितलं तर माझा सदरा घामाने चिंब.

आणि मग तो दिवस, ज्याच्यावर चिडायचं तर चिडायचं कुणावर हेच मला अजून कळलेलं नाही. दारात माझा जुना हाताखालचा माणूस. युनिफॉर्म, खांद्यावर पिशवी. "साहेब, नमस्कार! तुमच्या बिल्डिंगची टाकी धुतली! एकदम चकाचक! क्लोरीनचा डोस टाकलाय साहेब, दुप्पट!" माझ्या तोंडचं पाणी पळालं. म्हटलं, दुप्पट कशाला? तर छाती पुढे काढून म्हणतो, "तुमचाच नियम साहेब! टाकी धुतली की मात्रा दुप्पट, दयामाया नाही! भिंतीवर लावलाय आम्ही, तुमच्या सहीसकट!" आणि पोटभर हसला. त्याला चहा दिला मी. काय करणार? नियम बरोबर आहे हो! साठ घरं पाणी पितात ते. माझ्या बावीस कोळंब्यांसाठी मी साठ घरांचं पाणी बिघडवू?

पण झालं काय, की माझी साठवणीची बादली त्याच सकाळी मी नव्याने भरून ठेवली होती. त्याच पाण्याने! टाकीतलं पाणी चार बोटं खाली गेलेलं, फिल्टर घरघर करायला लागलेला, आणि घालायला पाणी नाही. तुम्हाला सांगतो, माझ्याकडे अजून ती तपासायची बाटली आहे. पाण्यात थेंब टाकला की क्लोरीन असेल तर पिवळं होतं. बत्तीस वर्षं मी ते पिवळं दिसावं म्हणून धडपडलो. पिवळं दिसलं नाही तर माणसांना फैलावर घ्यायचो! आणि आता दर दोन तासांनी नळीत थेंब टाकतोय आणि मनात म्हणतोय, जा रे बाबा, जा ना आता. पिवळं. परत पिवळं. दुसऱ्या दिवशी फिकं पिवळं. टाकीत पिल्लं खालच्या दगडांवर दाटीवाटीने, वर फिल्टरची घरघर, आणि मी खुर्चीत. मुलीचा फोन आला, "बाबा, काय करताय?" मी म्हटलं, "काही नाही." ती म्हणाली, "खरंच?" मी ओरडलो, "अगं खरंच काही करत नाहीये! काही न करून मरायची वेळ आलीये माझी!" तिसऱ्या दिवशी दुपारी थेंब टाकला. पाणी नितळ. परत टाकला. नितळ! मी एक फुलपात्र भरून काठाकाठाने पाणी सोडलं, इतकं हळू, की हात भरून आला. मग भिंग घेऊन मोजलं. बावीस.

तर महिन्याने आल्या या. मुलगी, ही आणि ते गाठोडं. मला वाटलं आधी टाकी बघतील, मोजतील, मी तर भिंग पुसून ठेवलं होतं. छे! मुलीने आत पाऊल टाकलं, हुश्श केलं आणि गाठोडं थेट माझ्या हातात दिलं. "धरा हो बाबा, मला जरा बसू दे." एक शब्द नाही पिल्लांचा! मी म्हटलं, "अगं, बावीसच्या बावीस जगली." तर म्हणते, "आई रोज सांगायची की. म्हणून तर आले." म्हणून तर आले म्हणे! मला आधी सांगितलं असतं तर? मी इथे तीन दिवस थेंब मोजत जीव खाली-वर करत होतो!

आणि आता खरं दुखणं ऐका. ही नात रडते. रडते म्हणजे काय, भोंगा! आई घेते, रडते. आजी घेते, रडते. झोका, गाणं, दिवा, पंखा, काही म्हणून चालेना. तिसऱ्या दिवशी दोघींनी हात टेकले, मी तिला खांद्यावर घेतलं आणि माझं डोकं सटकलंच. मी म्हटलं, घरात काच पुसायची सोय नाही, मोजा पायात राहत नाही, पाणी पिवळं तर पिवळं, काय चाललंय काय! चांगला पाच मिनिटं फैलावर घेतलं सगळ्यांना. आणि बघतो तर काय? गप्प. मान टाकून गाढ झोपलेली! मी थांबलो, की हलली. परत ओरडलो, की परत झोपली.

झालं! तेहतीस वर्षं जी बाई मला "चिडू नका, चिडू नका" म्हणत आली, ती आता दिवसातून चार वेळा हाक मारते, "अहो, ऐकलं का? हिचं दूध पिऊन झालंय, या, जरा चिडा!" आणि खरं सांगतो तुम्हाला, हल्ली राग येत नाही हो! ही खांद्यावर आली की होता नव्हता तो राग जातो कुठे, कोण जाणे. मग ओढूनताणून आणावा लागतो. भिंतींवर किती वेळ चिडणार? म्हणून तर तुम्हाला हाका मारून बोलावलं, समोर माणसं असली की जरा जमतं... झोपली का? बघा बरं कुणीतरी, मला मान वळवता येत नाही... नाही अजून?... आणि ते कोण हो, तिथे मागे? जांभई दिली कुणी? जांभई! मी इथे पोटतिडकीने सांगतोय आणि तुम्ही खुशाल जांभया देता? लाज नाही वाटत? निघा, उठा, काही गरज नाही तुमची!... बसा हो, बसा. मनावर घेऊ नका. तुमची काही चूक नाही, तिचा एक डोळा अजून उघडा आहे.